ट्रेलवर न्यायला स्वस्तातली .२२ हँडगन, काय घ्यावं? (ॲरिझोना)

वाळवंटी_भटक्या:
नमस्कार मंडळी, फिनिक्सजवळ चँडलरला राहतो, ग्रीन कार्ड आता हातात आलंय आणि बरेच दिवस डोक्यात असलेला विषय काढतोय. आम्ही दोन-तीन फॅमिली मिळून मोगोयॉन रिमला कॅम्पिंगला जातो, सुपरस्टिशनमधे ट्रेक करतो, तर अशा वेळी बॅगेत टाकून नेता येईल अशी एखादी छोटी .२२ (बारीक गोळीची हँडगन) घ्यावी म्हणतोय. उपयोग म्हणजे मोकळ्या जागी डबे उडवणं, जरा हात बसवणं, आणि वेळ पडली तर साप वगैरे. बजेट सगळं धरून ३०० डॉलर. आधी कधी हँडगन हातात घेतलेली नाही, कॉलेजात एनसीसीला .२२ रायफल झोपून मारली होती तेवढाच अनुभव. दुकानात गेलो तर तो माणूस त्याहून जाड गोळीची ९ एमएमच गळ्यात मारायला बघत होता. बायको पूर्ण विरोधात नाहीये पण मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्यामुळे घरात कुठे आणि कशी ठेवणार हे आधी सांग म्हणते. वापरणाऱ्यांनी प्लीज सांगा.

टेक्सासकर:
रुगर रँगलर. विषय संपला. हाहा.

टेक्सासकर:
बरं नीट सांगतो. रँगलर २०१९ मधे आली तेव्हा कंपनीची किंमत २४९ डॉलर होती, आता थोडी वाढली असेल तरी तुझ्या बजेटात बसेल. सिंगल ॲक्शन, म्हणजे दर गोळीला अंगठ्याने हॅमर (मागचा घोडा) मागे ओढायचा मग ट्रिगर. जुन्या काउबॉय स्टाइलची. सहा गोळ्या, एकेक करून बाजूच्या झडपेतून भरायच्या आणि रिकाम्या पुंगळ्या पण एकेक करून दांडीने ढकलून काढायच्या, वेळ लागतो पण नवशिक्याला तेच बरं, भराभर गोळ्या उडवायचा मोहच होत नाही. मॅगझिन (गोळ्यांची सरकवायची पेटी) नाही, जॅम नाही, स्वस्तातली कुठलीही .२२ एलआर, म्हणजे नेहमीची .२२ गोळी, खाते. वजन मात्र साडेआठशे ग्रॅमच्या आसपास, बॅगेत जाणवतं.

बोल्डरची_माई:
थांबा थांबा, मॉडेलवर जायच्या आधी एक गोष्ट, कारण हा धागा पुढे एच-१बी वाले पण वाचणार. धागाकर्त्याचं ग्रीन कार्ड झालंय, म्हणजे तो घेऊ शकतो. पण एच-१बी, एच-४, एल-१, एफ-१ असल्या नॉन इमिग्रंट व्हिसावर जे आलेत त्यांना फेडरल कायद्याने बंदूकच काय, गोळ्या बाळगायला पण बंदी आहे. अपवाद आहेत, त्यातला नेहमीचा म्हणजे कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स असणं. आपल्यातले कितीतरी जण वीकेंडला शूटिंग रेंजवर जाऊन भाड्याची ग्लॉक पिस्तूल चालवतात आणि फोटो टाकतात, त्यांना हे माहीतच नसतं. ग्रीन कार्ड प्रोसेसमधे असताना असली भानगड कशाला ओढवून घ्यायची.

एडिसनचा_बंड्या:
अरे बापरे हे खरंच माहीत नव्हतं. म्हणजे बाबा इकडे आले की रेंजला घेऊन जाऊ असा प्लॅन होता तो?

बोल्डरची_माई:
बी-२ वर आलेत ना? मग तेही त्याच यादीत. बाबांना ग्रँड कॅन्यन दाखवा. आणि दुसरं, एखादा ग्रीन कार्डवाला मित्र म्हणाला की मी माझ्या नावावर घेतो, तू पैसे दे आणि वापर, तर त्याला स्ट्रॉ पर्चेस म्हणतात, फेडरल गुन्हा आहे, दोघंही अडकतात. ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो त्यात खरेदीदार तूच आहेस का हा प्रश्नच आहे. ग्रीन कार्डवाल्यांनी त्या फॉर्मवर ए-नंबर (ग्रीन कार्डवरचा इमिग्रेशन नंबर) टाकायचा, कार्ड सोबत न्यायचं, आणि ड्रायव्हिंग लायसन्सवर सध्याचा पत्ता असायला हवा, नाहीतर काउंटरवरून परत पाठवतात. दुकानातून हँडगन घ्यायला वय २१ लागतं.

पाणी_आधी:
मी वेगळंच बोलणार आहे, राग मानू नका. मी पण फिनिक्सलाच. इथल्या ट्रेलवर माणसं मरतात ती उन्हाने. कॅमलबॅक डोंगरावरून हेलिकॉप्टरने उचलून आणतात लोकांना, म्हणून तर सिटीवाले अति उष्णतेच्या दिवशी दुपारी तो ट्रेल बंद ठेवतात. साडेआठशे ग्रॅमची बंदूक नेण्याऐवजी तेवढंच पाणी जास्त न्या. आणि सापासाठी बंदूक ही कल्पनाच चुकीची आहे. रॅटलस्नेक बिचारा शेपटी वाजवून सांगतो की मी इथे आहे, तुम्ही दोन पावलं मागे सरका, तो जातो. आपण सह्याद्रीत घोणस-फुरशांच्या मधून काठी आपटत फिरलोच ना?

टेक्सासकर:
पाण्याचं मान्य. पण सीसीआय कंपनीच्या छर्ऱ्याच्या .२२ गोळ्या मिळतात खास सापासाठी, रिव्हॉल्व्हरमधे भरून ठेवल्या की काम होतं, त्या सेमी ऑटोमधे (पुढची गोळी आपोआप चढते त्या पिस्तुलात) नीट फिरत नाहीत हा पण रिव्हॉल्व्हरच्या बाजूचा मुद्दा.

पाणी_आधी:
अहो पण त्या छर्ऱ्याची ताकद चार-पाच फुटांवर, फार तर दहा. म्हणजे सापाच्या जवळ जायचं. ज्याच्यापासून लांब जायचं त्याच्या जवळ जायला लावणारं शस्त्र काय कामाचं? शिवाय ॲरिझोनात रॅटलस्नेक मारायला हंटिंग लायसन्स लागतं, आणि रिजनोज्ड, ट्विन-स्पॉटेड, रॉक, मसासागा या जातींना संरक्षण आहे. ट्रेलवर पाच फुटांवरून जात ओळखता येणार आहे का?

जुना_नेमबाज:
पाणी_आधी यांच्याशी सहमत, आणि बंदुकीच्या बाजूचा माणूस असून सहमत आहे. बरीच वर्षं शूटिंग करतोय म्हणून सांगतो, .२२ ही स्वसंरक्षणाची बंदूक नाही. अस्वलासाठी तर अजिबात नाही. ॲरिझोनात काळं अस्वलच आहे, ग्रिझली नाही, आणि त्याच्यासाठी बेअर स्प्रे घ्या. अलास्कातल्या प्रत्यक्ष घटनांचा अभ्यास २००८ मधे प्रसिद्ध झाला होता, त्यात स्प्रे मारल्यावर नव्वद टक्क्यांच्या आसपास वेळा अस्वलाने माघार घेतली होती. .२२ ने अस्वल जखमी आणि तुम्ही पण जखमी. .२२ कशासाठी घ्यायची तर मजेसाठी आणि शिकण्यासाठी, त्यात तिच्यासारखी दुसरी नाही. झटका जवळजवळ नाही, आणि गोळी ७ ते १० सेंटला पडते, ९ एमएमला त्याच्या तिप्पट मोजावे लागतात. ५०० गोळ्यांचं खोकं घेतलं तरी पन्नास डॉलरच्या आत-बाहेर. ज्याला खरंच नेम शिकायचाय त्याने .२२ वरच हजारो गोळ्या माराव्यात. त्यामुळे धागाकर्त्याची निवड बरोबर आहे, फक्त कारणांच्या यादीतून साप काढून टाका.

आता मॉडेल. रँगलर चांगलीच. तिच्याहून स्वस्त हेरिटेजची रफ रायडर, दीडशे ते दोनशेत मिळून जाते. ही टॉरसच्याच मालकीची कंपनी. दिसायला सेम, पण तिला डाव्या बाजूला एक सेफ्टीचा खटका आहे जो असल्या रिव्हॉल्व्हरला शोभत नाही आणि नवीन माणूस तो विसरतो. फिनिशिंगही जरा कच्चं. पण पैसे कमी असतील तर वाईट नाही, पुष्कळ लोक वर्षानुवर्षं वापरतात. रँगलरमधे ट्रान्सफर बार आहे, म्हणजे हॅमर खाली असताना बंदूक पडली तरी गोळी सुटत नाही, म्हणून सहाच्या सहा भरून नेता येतात. जुनी सेकंडहँड रुगर सिंगल सिक्स मिळाली तर मोह होईल, होऊ द्या, पण १९७३ च्या आधीची असेल तर तिच्यात हा बार नसतो. अशा बंदुकीत पाचच भरायच्या, हॅमरखालचं घर (गोळीचा खण) रिकामं. रुगर कंपनी जुन्यांना नवीन पार्ट फुकटात बसवून देते, पण बऱ्याच जणांनी बसवून घेतलेला नसतो.

वाळवंटी_भटक्या:
बाप रे किती माहिती. सापाचा मुद्दा पटला, काढला यादीतून. काका, सेमी ऑटोबद्दल पण सांगाल का? माझा एक कलीग टॉरस टीएक्स२२ घे म्हणतोय, १६ गोळ्या बसतात म्हणून.

बोल्डरची_माई:
ॲरिझोनात चालेल, आमच्याकडे कोलोरॅडोत मॅगझिनची मर्यादा १५ आहे २०१३ पासून, त्यामुळे १० वाली आवृत्ती घ्यावी लागते. शिवाय आमच्याकडे पैसे भरून तीन दिवस थांबायचं मग हातात. तुमच्याकडे बघा काहीच नाही, पसंत पडली, बॅकग्राउंड चेक क्लिअर झाला की घरी.

एडिसनचा_बंड्या:
न्यू जर्सीत आधी आयडी कार्ड, मग प्रत्येक हँडगनला वेगळं परमिट, मग पोलीस स्टेशनच्या चकरा. माझ्या भाच्याने घेतली तोपर्यंत त्याचा उत्साहच मावळला.

जुना_नेमबाज:
टीएक्स२२ हलकी आहे, पाचशे ग्रॅमच्या आत, हातात छान बसते आणि त्या किमतीत त्यामानाने भरवशाची. पण .२२ रिमफायर आणि सेमी ऑटो हे लग्न जरा कुरबुरीचंच. रिमफायर म्हणजे बार पेटवणारा मसाला पुंगळीच्या कडेला पसरलेला असतो, एखाद्या जागी कमी पडला की गोळी फुटत नाही. रिव्हॉल्व्हरमधे तुम्ही परत हॅमर ओढता, सिलिंडर फिरतो, पुढची गोळी. सेमी ऑटोमधे हाताने स्लाइड ओढून काढावी लागते. फुटली नाही तर लगेच उघडून बघायचं नाही हं, नळी समोरच्या सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबायचं, कधी कधी उशिरा फुटते.

नेमच मारायचा असेल तर रुगर मार्क ४ किंवा तिचंच हलकं भावंड २२/४५. नळी जागेवर घट्ट असते त्यामुळे अचूक. आधीची मार्क ३ साफ करायला उघडली की परत बसवताना घाम फुटायचा, मार्क ४ एका बटणावर उघडते. पण बजेटच्या वर जाते. जुनी घेत असाल तर सिरीयल नंबर बघा, ४०१ किंवा डब्ल्यूबीआर ने सुरू होत असेल तर ती २०१७ च्या रिकॉलमधली आहे, सेफ्टी अर्धवट राहिल्यास गोळी सुटू शकत होती. कंपनी दुरुस्त करून देते, केलीये का ते आधी खात्री करा.

स्मिथ अँड वेसनची व्हिक्टरी पण चांगली पण तिचं वजन एक किलो, ट्रेलला कोण वाहणार.

सिॲटलसखी:
मी रुगर एलसीआर .२२ वापरते, आठ गोळ्या, सव्वाचारशे ग्रॅम. वजनाला तोड नाही. पण किंमत पाचशेच्या घरात आणि डबल ॲक्शनचा (ट्रिगरनेच हॅमर मागे जातो तो) ट्रिगर जड आहे, रिमफायर फोडायला जोरात ठोका लागतो म्हणून. माझ्या बोटांना सवय व्हायला वेळ लागला. नवीन माणसाला मी पण रँगलरच सांगेन. आणि कानाला लावा हो काहीतरी!! .२२ छोटी म्हणून लोक तसेच मारतात, पण छोट्या नळीचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास किंवा वर जातो, कानात शिट्टी वाजायला लागली की ती परत जात नाही. डोळ्यावर चष्मा पण. घरी येऊन आधी हात साबणाने धुवायचे मग पोरांना जवळ घ्यायचं, शिसं असतं.

वाळवंटी_भटक्या:
सखी, थँक्यू. मग डबे कुठे उडवायचे? नॅशनल फॉरेस्टमधे कुठेही चालतं असं ऐकलं.

पाणी_आधी:
कुठेही नाही! टोन्टो नॅशनल फॉरेस्टमधे मोकळ्या भागात चालतं पण घर, इमारत, कॅम्पसाइट, लोक जमलेली जागा यांच्यापासून १५० यार्डाच्या आत नाही, रस्त्यावरून किंवा पाण्यावरून आडवी गोळी मारायची नाही. आणि उन्हाळ्यात आगीचे निर्बंध लागले की शूटिंग बंद. म्हणजे मे-जूनला तुम्ही रिमवर कॅम्पिंगला जाल तेव्हा बहुतेक बंदच असेल, निघायच्या आधी फॉरेस्टच्या साइटवर बघा. सागुआरो निवडुंगाला गोळ्या मारणारे महाभाग पण आहेत, तो गुन्हा आहे. आणि आपल्या पुंगळ्या, फुटके डबे आपणच उचलून आणायचे, लोक टीव्ही नेऊन फोडतात आणि काचा तिथेच टाकून येतात, शी.

जुना_नेमबाज:
मागे मातीचा उंचवटा हवाच. .२२ च्या खोक्यावर लिहिलेलं असतं, गोळी दीड मैलापर्यंत जाऊ शकते. रिकाम्या आकाशाकडे, दगडावर, पाण्यावर नाही, टप्पा खाऊन कुठेही जाते. मी तर म्हणतो पहिले काही महिने जंगलात जाऊच नका, तुमच्या फिनिक्सच्या उत्तरेला बेन एव्हरी रेंज आहे, राज्याच्या गेम अँड फिश खात्याची, देशातल्या मोठ्या सार्वजनिक रेंजपैकी एक. तिथे रेंज ऑफिसर असतो, तो ओरडेल, ओरडून घ्या. बंदूक कायम भरलेली आहे असंच धरायचं, नळी नको तिकडे वळवायची नाही, नेम धरून होईपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, मागे काय आहे ते माहीत हवं. एनसीसीत हवालदाराने हेच शिकवलं असणार.

वाळवंटी_भटक्या:
हो, आणि चुकलं की मैदानाला फेरी!

ताई_फ्रिमाँट:
मला कळत नाहीये एवढा आटापिटा कशासाठी. घरात लहान मूल आहे, सापाला नको, अस्वलाला नको, चोरासाठी पण नाही म्हणता, मग नुसते डबे उडवायला घरात बंदूक आणायची? या देशात बंदुकीने जे मृत्यू होतात त्यातले निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, घरातलं मूल उद्या पंधरा-सोळाचं होईल, टीनएजर होईल. रेंजवर भाड्याने मिळते ना, तिथे जा, चालवा, परत द्या.

टेक्सासकर:
ताई फ्रिमाँट म्हणजे कॅलिफोर्निया, तुमच्याकडे तर...

ताई_फ्रिमाँट:
राज्याचा काय संबंध? मी मुलाबद्दल बोलतेय.

सिॲटलसखी:
ताईंचा मुद्दा चुकीचा नाहीये, टेक्सासकर तू गप्प. मला दोन मुलं आहेत, मी घेतली, पण घेण्याआधी हाच वाद आमच्या घरात पुष्कळ झाला. भाड्याने घेणं हा खरंच पर्याय आहे आणि सहा महिने तसंच करून बघायला हरकत नाही, आवडलंच नाही तर पैसे वाचले. घेतलीच तर कपाटात साड्यांखाली, वरच्या फळीवर, हे असलं काही नाही, मुलांना सगळं माहीत असतं, दिवाळीचा फराळ कुठे लपवलाय ते त्यांना कळतं तसं. बोल्टने फर्निचरला बसवलेली स्टीलची पेटी, आकड्याचं किंवा बटणाचं कुलूप, आकडा म्हणजे वाढदिवस नाही. गोळ्या वेगळ्या जागी वेगळ्या कुलपात. ट्रेलची बंदूक आहे, रात्री उशाशी लागणार नाहीये, मग भरून ठेवायचं कारणच नाही. पेटीला चाळीस-पन्नास डॉलर बाजूला काढा, ३०० मधेच धरा. गाडीत ठेवून जायची नाही, गाड्या फोडून चोरतात. आणि मुलाला सांगून ठेवा की मित्राच्या घरी बंदूक दिसली तर हात लावायचा नाही, तिथून निघायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं.

ताई_फ्रिमाँट:
वेगळी पेटी वेगळ्या गोळ्या हे पटतं. तरी माझं मत तेच.

वाळवंटी_भटक्या:
ताई, मत लक्षात घेतलंय, खरंच. बायकोला पूर्ण धागा वाचायला दिला, तिने तुमच्या आणि सखीच्या पोस्टला अंगठा दाखवला (वर). ठरलंय ते असं: आधी बेन एव्हरीला बिगिनर क्लास दोघांनी करायचा. मग रँगलर, ४.६२ इंची नळीवाली, दुकानात हातात धरून पाहिली. रफ रायडर पण धरली, फरक जाणवला. पेटी आधी येणार, बंदूक नंतर, ही अट मंजूर. घरी नुसता ट्रिगर ओढून सराव केलेला चालतो का? कलीग म्हणतो .२२ ला तसं करायचं नसतं.

जुना_नेमबाज:
कलीग सर्वसाधारण बरोबर, रिमफायरमधे फायरिंग पिन घराच्या कडेवर आपटून खुणा पडतात. रँगलरला रुगर चालतं म्हणते. तरी हार्डवेअरच्या दुकानात भिंतीत स्क्रू बसवायचे पिवळे प्लास्टिकचे अँकर मिळतात, ४-६ नंबरचे, ते .२२ च्या घरात बरोबर बसतात, सरावाला तेच घाला. स्वस्त. आणि सराव करताना गोळ्या त्या खोलीतच नकोत.

बोल्डरची_माई:
फिरायला जाणार तर राज्याच्या सीमा लक्षात ठेवा. ॲरिझोनात वय २१ झालं की परमिटशिवाय नेता येते, पण कॅलिफोर्नियात दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट चालत नाही, जोशुआ ट्रीला जाताना रिकामी करून कुलूपबंद डब्यात किंवा डिकीत. ग्रँड कॅन्यनसारख्या नॅशनल पार्कमधे २०१० पासून राज्याच्या कायद्यानुसार सोबत ठेवता येते पण व्हिजिटर सेंटरसारख्या फेडरल इमारतीत नाही आणि उडवायची तर नाहीच. हवासू फॉल्सला हवासुपाई या मूळ अमेरिकन जमातीची जमीन आहे, तिथे शस्त्र न्यायला बंदी. बाकी रिझर्व्हेशनवर (अशा जमातींच्या राखीव जमिनीवर) त्यांचे त्यांचे नियम.

पाणी_आधी:
आणि रॉकी पॉइंट!! फिनिक्सचे सगळे लाँग वीकेंडला गाडीने मेक्सिकोत बीचवर जातात. बंदूक सोडाच, सीटखाली घरंगळलेली एक गोळी सापडली तरी तिकडे तुरुंग. जायच्या आधी गाडी व्हॅक्यूम करा.

टेक्सासकर:
होल्स्टरचं (बंदुकीच्या म्यानाचं) राहिलं. पाठीवर सॅक असली की कमरेचा पट्टा नेमका होल्स्टरवर येतो, म्हणून एकतर छातीवरचं घ्या किंवा पोटाच्या डाव्या बाजूला आडवं. बॅगेत नुसती टाकायची असेल तरी ट्रिगर झाकणारं होल्स्टर हवंच, किल्ल्या आणि चार्जरमधे मोकळी नाही.

जुना_नेमबाज:
माई आणि पाणी_आधी यांच्या यादीत एक जोडतो, आपल्या लोकांसाठी सगळ्यात महत्त्वाचं. रेंजला किंवा ट्रेलला जी बॅग नेता ती भारतात जाताना वापरू नका. मुंबई, दिल्लीच्या विमानतळावर बॅगेच्या कप्प्यात राहिलेलं एखादं काडतूस सापडलं म्हणून एनआरआय लोकांवर आर्म्स ॲक्टखाली गुन्हे दाखल झालेत. आपल्याला माहीतच नव्हतं हे कोर्टात सिद्ध होऊन केस रद्द झाल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत, पण तोपर्यंत पासपोर्ट, वकील, सुट्टी, नोकरी सगळं टांगणीला. .२२ ची गोळी शेंगदाण्याएवढी असते, अस्तरात शिरते आणि कळत नाही. इकडून निघताना सुटली म्हणजे तिकडून परत येतानाही सुटेल असं नाही.

एडिसनचा_बंड्या:
भाचा डिसेंबरमधे पुण्याला चाललाय आणि रेंजची सॅकच केबिन बॅग म्हणून नेणार होता. आत्ताच फोन केला त्याला, नवीन बॅग घे म्हटलं.